ऊन लागणे आणि ऊन पोळणे

चैत्र सरून वैशाख लागला की धार काय आणि देवास काय, येथील जुन्या मराठी घरांत उन्हाळ्याची सिद्धता सुरू होते. माठाखाली ओल्या वाळूची बैठक येते, कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर बरणीत भरला जातो, वाळ्याची जुडी पाण्यात पडते. मेच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि शेजारची माळवी मंडळी ज्याला ‘नौतपा’ म्हणतात ते नऊ दिवस सुरू होतात. त्या दिवसांत बाहेर निघणाऱ्या मुलाच्या खिशात एखादी आजी आजही कांदा घालते. उन्हाशी गाठ घालण्याचा हा सारा संसार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे.

तथापि या सर्व सिद्धतेत एक उणीव राहून गेली आहे. पन्हे, वाळा, ताक, सब्जा, कांदा ही सारी योजना आहे ती ऊन ‘लागू’ नये म्हणून. ऊन ‘पोळू’ नये म्हणून मात्र आपल्या फडताळात काहीच नाही. दिवसभर शेतावर राहिलेल्या बाईच्या मानेची कातडी रात्री तडतडते, मैदानावरून आलेल्या मुलाच्या खांद्याला सदरा टेकवत नाही, दोन दिवसांनी नाकाचे साल निघते. याकडे आपण ‘रापला आहे, होईल बरा’ असे म्हणून पाहतो. उन्हाच्या या दोन पीडा एकमेकींहून अगदी निराळ्या आहेत, आणि एकीवरचा उपाय दुसरीला चालत नाही, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

शब्दांची साक्ष

आपली भाषाच या बाबतीत बोलकी आहे. ऊन लागणे, ऊन बाधणे, उन्हाळी लागणे, घोळणा फुटणे, घामोळे येणे अशी उष्णतेच्या विकारांची नावे मराठीत विपुल आहेत. माळव्यात राहून आपण त्यांत ‘लू लागणे’ हीही भर घातली. परंतु उन्हाने कातडीला जी इजा होते तिला सर्वमान्य असे नाव आपल्याकडे नाही. ‘रापणे’ हा शब्द आहे. पण तो रंगाविषयी बोलतो, जखमेविषयी नाही. म्हणून डॉक्टर ‘सनबर्न’ म्हणतात तेव्हा आपल्याला ते गोऱ्या साहेबांचे दुखणे वाटते. प्रस्तुत लेखात आम्ही त्याला ‘ऊन पोळणे’ असे म्हणणार आहोत. तो शब्द बोलण्यात आहेच; त्याला केवळ नेमका अर्थ द्यावयाचा आहे.

आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य अधिक असते आणि ते काही अंशी छत्रीचे काम करते, हे खरे. परंतु ती छत्री विरळ आहे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, इतकेच. स्पर्शाला ती जागा गरम लागते, कातडी ताणल्यासारखी होते, दुखते, खाजते. पुढे काळवंडते आणि साल निघते. दिसत नाही म्हणून पोळलेच नाही असे समजणे ही आपली सार्वत्रिक समजूत आहे, आणि ती सोडली पाहिजे.

उष्णता निराळी, किरण निराळे

सूर्यप्रकाशातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे किरण असतात, हा शोध योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ साली लावला. आपल्या जुन्या शास्त्रीय ग्रंथांत त्यांना ‘जंबुपार’ असे नाव दिलेले आढळते. हल्ली ‘अतिनील’ हा शब्द रूढ आहे. कातडी पोळते ती या किरणांनी. सूर्याच्या उष्णतेने नव्हे.

ही गोष्ट एका इंग्रज शस्त्रवैद्याने फार साध्या प्रयोगाने दाखवून दिली होती. सर एव्हरार्ड होम यांनी १८२० च्या सुमारास आपले दोन्ही हात उन्हात धरले. एक उघडा ठेवला, दुसऱ्यावर काळे कापड घातले, आणि दोहोंचे तापमान पाहिले. काळ्या कापडाखालचा हात अधिक तापला. पण पोळला तो उघडा हात. जो अधिक तापला तो सुरक्षित राहिला, हे पाहून त्या काळी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. पुढे १८८९ साली विडमार्क या स्वीडिश वैद्याने विजेच्या प्रखर दिव्यावर प्रयोग करून हा दाह अतिनील किरणांचाच असल्याचे सिद्ध केले.

या किरणांपैकी दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. डॉक्टर त्यांना यूव्ही-ए आणि यूव्ही-बी म्हणतात. पोळण्याचे मुख्य काम ‘बी’ करतात. ‘ए’ अधिक खोल जातात, कातडी काळवंडवतात आणि कालांतराने तिच्यावर अकाली सुरकुत्या आणतात. खिडकीची साधी काच ‘बी’ किरणांना बव्हंशी अडवते, ‘ए’ किरणांना मात्र बरीचशी वाट देते. म्हणून धारहून इंदूरला बंद काचेशी बसून नित्य जाणारा मनुष्य पोळत नाही, पण रापतो. आणि काच उतरवून वर्षानुवर्षे गाडी हाकणाऱ्या चालकाचा उजवा हात डाव्याहून किती काळवंडलेला असतो, हे कोणीही पाहून घ्यावे.

पठाराची फसवी झुळूक

माळवा हे पठार आहे. धार आणि देवास ही दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंच आहेत. धारपासून जवळ असलेले मांडू त्याहूनही उंच. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. ही वाढ फार मोठी नव्हे. खरी गोम येथील हवेत आहे. माळव्याची रात्र शीतल म्हणून ‘शब-ए-मालवा’ची ख्याती झाली. दुपारीही पश्चिमेकडून वारा सुटतो. देवास जिल्ह्यात जामगोदरानीच्या टेकड्यांवर ज्या पवनचक्क्या फिरताना दिसतात त्या या वाऱ्याच्याच भरवशावर. हवा कोरडी, त्यामुळे घाम येताक्षणी वाळून जातो. याच कोरड्या हवेसाठी पं. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात १९४८ साली देवासला येऊन राहिले आणि पुढे देवासचेच झाले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच.

मात्र हीच सुखद हवा कातडीला फसवते. झुळूक आणि वाळणारा घाम यांनी अंगाचा ताप निवतो. किरण मात्र तसूभरही कमी होत नाहीत. बडोद्याच्या किंवा मुंबईच्या दमट उन्हात जीव घाबरा होतो आणि मनुष्य आपण होऊन सावलीला जातो. माळव्याच्या उन्हात तो तास-दोन तास आनंदाने उभा राहतो, आणि पोळतो.

त्यात आपले स्थान. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून जाते. धार आणि देवास त्याच्या दक्षिणेस. म्हणून वर्षातून दोन दिवस, एकदा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायांखाली नाहीशी होते. उन्हाचा जोर मोजण्याचे सर्वांत सोपे यंत्र ही सावलीच होय. सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तर किरण पोळणारे आहेत असे समजावे. लांब असेल तर त्यांचा जोर ओसरला आहे. हा नियम मुलांना एकदा सांगितला की ते आयुष्यभर विसरत नाहीत.

हा नियम ऑक्टोबरात लावून पाहावा. आश्विनातल्या माध्यान्ही आपली सावली उंचीच्या निम्म्याच्या आसपासच असते. पावसाने धूळ धुऊन नेलेली, आकाश निरभ्र, वारा गार. त्याच दिवसांत देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा यांच्या दर्शनाला नवरात्राची रीघ लागते. त्याच दिवसांत धार-देवासच्या शिवारात सोयाबीनची कापणी चालते आणि बायका-पुरुष सकाळपासून मान वाकवून शेतात असतात. कोणालाही ‘ऊन लागत’ नाही, म्हणून कोणी जपत नाही. फाल्गुनातल्या गहू-हरभऱ्याच्या कापणीची तीच कथा. डिसेंबर अखेरीस मात्र माध्यान्हीची सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढी होते. तेवढे दिवस त्यातल्या त्यात सौम्य. तात्पर्य, ऊन लागण्याचा ऋतू दोन-अडीच महिन्यांचा, तर ऊन पोळण्याचा ऋतू जवळजवळ वर्षभराचा आहे.

ज्यांच्या हाती मोबाइल आहे त्यांना हवामानाबरोबर ‘यूव्ही इंडेक्स’ नावाचा एक आकडा दिसतो. हा निर्देशांक १९९२ साली प्रथम कॅनडात सुरू झाला आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा प्रसार केला. ० ते २ म्हणजे भीती नाही. ३ पासून जपावे. ६ आणि ७ तीव्र. ८ ते १० अतितीव्र. ११ आणि त्यावर पराकाष्ठेचा. तापमानाचा आकडा आणि हा आकडा यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. विरळ ढगांतूनही पुष्कळसे किरण खाली येतात, म्हणून आभाळ आले की निर्धास्त व्हावे असेही नाही.

साहेबांचा उलटा घोटाळा

आपण पोळण्याला लागणे समजलो. साहेबांनी लागण्याला पोळणे समजून उलटा घोटाळा केला. उष्माघात हा सूर्याच्या अदृश्य किरणांनी कवटी आणि पाठीचा कणा भेदून होतो, अशी विसाव्या शतकाच्या आरंभी गोऱ्या वैद्यांची दृढ समजूत होती. म्हणून हिंदुस्थानातील इंग्रज शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडाची टोपी घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. काहीजण पाठीवर कापडाची जाड गादीही बांधीत. अमेरिकेच्या सैन्याने तर त्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस फिलिपाइन्समध्ये सैनिकांना नारिंगी-तांबड्या रंगाची अंतर्वस्त्रे घालून पाहिली! किरण अडवून उष्माघात टळावा हा हेतू. टळला नाही, उलट सैनिकांना अधिक उकडले. उष्माघात हा शरीरात साठलेल्या उष्णतेचा परिणाम आहे, किरणांचा नव्हे, हे पुढे स्पष्ट झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोला टोपीचा दराराही संपला.

इ. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९२१ साली काही महिने देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्या काळातले त्यांचे मराठी पगडी घातलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. ते पाहताना आमच्या मनात नेहमी येते की, टोपीवाल्यांच्या देशातून आलेल्या या गृहस्थाने येथे जे डोक्यावर घेतले, त्यामागे या मुलखाचा अनुभव होता.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवारांबरोबर जी मराठी कुटुंबे माळव्यात आली त्यांचा पोशाख दोन्ही प्रकारच्या उन्हाला पुरून उरणारा होता. फेटा किंवा पागोटे, मानेवर रुळणारा शेमला, खांद्यावर उपरणे, सैल बाराबंदी; स्त्रियांचे नऊवारी आणि डोक्यावरून घेतलेला पदर. पागोट्याला पुढे कड नसल्यामुळे नाक आणि गाल उघडे राहत, ही त्यातील उणीव. ती छत्रीने भरून निघे. सुश्रुतसंहितेत दिनचर्या सांगताना शिरोवेष्टन आणि छत्र यांचे गुण स्वतंत्रपणे वर्णिले आहेत, आणि ज्या धारानगरीत आम्ही हा विषय काढला आहे तिच्या भोजराजाच्या नावावरही ‘चारुचर्या’ नावाचा दिनचर्येचा ग्रंथ आहे. उन्हापासून अंग झाकणे हा नटण्याचा नव्हे, आरोग्याचा भाग आहे, ही जाण आपल्याकडे जुनीच. पागोटे गेले, उपरणे गेले, अर्ध्या बाह्यांचा सदरा आला, आणि जाण मात्र पोशाखाबरोबर निघून गेली.

पोळल्यावर काय करावे

ऊन पोळल्याचे त्याच क्षणी कळत नाही. दोन ते सहा तासांनी आग सुरू होते आणि बारा ते चोवीस तासांत ती शिगेला पोहोचते. म्हणून किंचित चुरचुर जाणवताच सावलीत यावे; ‘एवढे काम उरकून घेऊ’ म्हणू नये.

पहिला उपाय पाणी. माठातल्यासारख्या गार पाण्यात भिजवलेला मऊ, स्वच्छ पंचा पोळलेल्या जागी दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. दिवसातून अनेक वेळा असे करावे. गार पाण्याने अंघोळ करावी, साबण त्या जागी लावू नये, आणि अंग पुसताना घासू नये, नुसते टिपावे. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. भाजलेल्या कातडीला त्याने आणखी इजा होते. अंग ओलसर असतानाच साधे, सुवासरहित मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा गर लावावा. घरची कोरफड वापरावयाची तर कापलेले पान प्रथम उभे ठेवून त्यातला पिवळा चीक गळू द्यावा. तो चीक त्वचेला झोंबतो. खाज असेल तर कॅलामाइन लोशन बरे वाटते. त्याची गुलाबी छटा लोहाच्या ऑक्साइडची, आणि मुख्य घटक जस्ताचे ऑक्साइड.

पोळलेली कातडी पाणी ओढून घेते, म्हणून पाणी, ताक, पन्हे भरपूर घ्यावे. आपल्या पन्ह्याचा उपयोग येथे होतो तो एवढाच. ते पोटातून शरीराची तहान भागवते, कातडीची आग विझवीत नाही. वेदना फार असतील तर पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घ्यावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. फोड आले तर फोडू नयेत, सालही ओढून काढू नये. ते आपल्या खालच्या नव्या कातडीचे पांघरूण असते. बरे होईपर्यंत ती जागा सैल सुती कपड्याने झाकावी. साधारणतः तीन ते पाच दिवसांत दाह शमतो.

आता काय लावू नये ते. तूप, तेल, दंतमंजनाची पेस्ट यांचा आग शमण्यास उपयोग नाही. उटणे, बेसन, हळद यांनी पोळलेली कातडी चोळणे म्हणजे जखमेवर काथ्या फिरवणे होय. सर्वांत घातक म्हणजे लिंबू. ‘रापलेला रंग उतरतो’ म्हणून लिंबाची फोड तोंडाला, हातांना चोळण्याची चाल आपल्या घरांत सर्रास आहे. लिंबाच्या रसात आणि सालीत अशी द्रव्ये असतात की, ती अंगावर असताना ऊन लागले तर किरणांची क्रिया कित्येक पट वाढते. फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात ते महिनोन्‌महिने जात नाहीत. उन्हाळ्यात अंगणात बसून सरबतासाठी लिंबे पिळणाऱ्या हातांवरही असे डाग उठतात. लिंबू पोटात घ्यावे, अंगाला लावू नये.

पुढील लक्षणे दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ घालवू नये, डॉक्टरांकडे जावे: अंगाच्या मोठ्या भागावर फोड, ताप, हुडहुडी, ओकारी, तीव्र डोकेदुखी, फोडांत पू, किंवा पोळलेले मूल अगदी तान्हे असणे. आणि अंग तापलेले असून मनुष्य असंबद्ध बोलू लागला, झटके आले, शुद्ध हरपली, तर तो पोळण्याचा नव्हे, उष्माघाताचा प्रकार आहे. त्यात मिनिटा-मिनिटाला महत्त्व असते. सावलीत आणून, कपडे सैल करून, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पन्हे तर नाहीच, पाण्याचा थेंबही घालू नये.

प्रत्येक काळवंडलेली कातडी उन्हाचीच असते असेही नाही. मानेभोवती, हातापायांवर दोन्ही बाजूंना सारखी, खरखरीत, काळी कातडी दर उन्हाळ्यात येत असेल आणि जोडीला जुलाब व अशक्तपणा असेल, तर तो पेलाग्रा म्हणजे ‘ब’ गटातील एका जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग असू शकतो. केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरीब मजुरांत तो दिसतो, याचा अभ्यास हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात केला होता. काही औषधांनीही कातडी उन्हाला हळवी होते. डॉक्सीसायक्लीन हे त्यांतले नेहमीचे. नवे औषध सुरू झाल्यावर ऊन सोसेनासे झाले तर डॉक्टरांना तसे सांगावे.

पोळू नये म्हणून

प्रतिबंधाचे उपाय चार, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला वेळेचा. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात उघड्यावरचे जे काम टाळता येईल ते टाळावे. दुसरा सावलीचा. कडुनिंब, वड, चिंच यांची दाट छाया कोणत्याही मलमाहून श्रेष्ठ. चाळणीसारखी सावली अर्धवटच उपयोगी. तिसरा वस्त्राचा, आणि चौथा लोशनचा. जाहिराती हा क्रम उलटा लावतात, हे लक्षात असू द्यावे.

वस्त्र घट्ट विणीचे, सैल आणि पुऱ्या बाह्यांचे हवे. उजेडाकडे धरल्यावर ज्यातून आरपार दिसते ते कापड किरणांनाही वाट देते. पांढरे तलम सुती कापड घामाने ओले झाले की त्याचे संरक्षण आणखी घटते. रंगवलेले कापड अधिक किरण शोषते. आपल्याच धार जिल्ह्यातील बाग गावची तांबड्या-काळ्या ठशांची छपाई सर्वत्र नावाजली आहे. रंग मुरलेली तशी सुती ओढणी डोके आणि मान झाकण्यास उत्तम. दुचाकीवरून जाणाऱ्या मुली हल्ली डोळ्यांपुरती जागा ठेवून चेहऱ्याला ओढणी गुंडाळतात आणि कोपरापर्यंत हातमोजे चढवतात. वडीलधारी मंडळी त्यांना हसतात. वस्तुतः आजीचा पदरच नव्या रीतीने परत आला आहे. शेतात काम करणाऱ्यांनी मान झाकणारे उपरणे किंवा रुंद काठाची टोपी वापरावी; पुढे कड असलेल्या टोपीने कान आणि मान झाकली जात नाही.

लोशन घ्यावयाचे तर ‘एसपीएफ ३०’ किंवा अधिक आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असे लिहिलेले घ्यावे, म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही किरणांना अटकाव होतो. योग्य प्रमाणात लावले तर एसपीएफ १५ चे लोशन पोळणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के, ३० चे ९७ टक्के आणि ५० चे ९८ टक्के अडवते. त्यामुळे मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. तर्जनी आणि मधले बोट या दोहोंवर लांबीभर घ्यावे एवढे लोशन चेहरा आणि मान यांना लागते. घराबाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी, घाम आल्यास त्याहून लवकर, पुन्हा लावावे. सहा महिन्यांहून लहान मुलांना लोशन न लावता सावलीत आणि कपड्यांतच जपावे. अंगावर कोड असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी, कारण त्या जागी मेलॅनिनची छत्री मुळीच नसते. डोळ्यांनाही विसरू नये. दीर्घकाळच्या उन्हाने मोतीबिंदू वाढण्यास मदत होते. अतिनील किरण अडवणारा चष्मा असावा. नुसती काळी काच पुरेशी नव्हे.

रंगाची भीती

शेवटी ज्या कारणासाठी हा विषय आम्हांस महत्त्वाचा वाटतो ते सांगितले पाहिजे. शाळेत हयात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट दरवर्षी दिसते. सातवी-आठवीपर्यंत खो-खोच्या मैदानावर वाऱ्यासारख्या धावणाऱ्या मुली नववीत गेल्या की मैदानावरून नाहीशा होऊ लागतात. विचारले असता घरून कधी अभ्यासाचे, कधी तब्येतीचे कारण येते. पण पुष्कळदा त्यामागे एकच शब्द असतो: ‘रापेल’. पोळेल याची चिंता कोणाला नाही, रापेल याची सर्वांना. आणि त्याच घरांत रंग उजळण्याची मलमे येतात. त्यांतली काही स्टेरॉइड मिसळलेली असतात. त्यांनी कातडी पातळ होते आणि ऊन अधिकच पोळते. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास केंद्र सरकारने २०१८ साली बंदी केली; तरी ती हातोहात मिळत राहतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

सूर्य शत्रू नव्हे. याच किरणांनी त्वचेचा क्षय बरा करण्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याच किरणांनी आपल्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, आणि सावळ्या त्वचेला त्यासाठी गोऱ्या त्वचेहून अधिक वेळ उन्हात लागतो. म्हणजे रंगासाठी सावलीत डांबलेली मुलगी हाडांनी कच्ची राहण्याचा धोका पत्करते. पोळू न देता उन्हात वावरावे, हे खरे शहाणपण.

त्यासाठी फार काही लागत नाही. शाळांनी प्रार्थना झाडाखाली किंवा पडवीत घ्यावी, कवायत आणि खेळ उन्हाच्या ऐन वेळेआधी किंवा नंतर ठेवावेत, गणवेशात टोपीला आणि पुऱ्या बाह्यांना जागा द्यावी. घरांनी मुलीच्या हाती लोशनची नळी नसली तरी ओढणी आणि पाण्याची बाटली द्यावी, आणि तिला मैदानावर पाठवावे. ती थोडी रापून परत येईल. रापणे हा दोष नव्हे. ते तिच्या कातडीने तिच्यासाठी उघडलेले छत्र आहे. तिला पोळू द्यायचे नाही, एवढीच जबाबदारी आपली.